बर्फावरच्या फळ्या

आमच्या कॉलेजच्या क्रीडागृहात मैदान एकच, खेळ मात्र दोन. खाली बर्फ, त्यावर पोरींची हॉकी, चेंडूऐवजी रबरी चकतीने खेळायची. बास्केटबॉलचा सामना असला की त्याच बर्फावर आधी जाड पुठ्ठे अंथरायचे आणि वर दोनशे सोळा लाकडी फळ्या बसवायच्या. प्रत्येक फळीला नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. हे काम करणाऱ्या बारा जणांचा मी मुकादम. आणि हॉकीच्या संघाची गोलकीपर माझी मुलगी. म्हणजे पोरीचा बर्फ झाकायचा तोही बापानेच! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मीच.

बास्केटबॉलला या शहरात पाच-पाच हजार माणूस लोटतं. दोन तास आधी येऊन रांगेत उभं राहतं, कारण आत जागा ठरलेल्या नसतात, जो पहिला येईल तो पुढे बसेल. हॉकीला दीडशे डोकी. त्यातले निम्मे नातेवाईक आणि उरलेले नातेवाईकांनी ओढून आणलेले. माझा मेव्हणा इथेच फाटकावर असतो. तो तर उघडच टिंगल करायचा.

"भाऊजी, तुमच्या त्या खेळात चकती दिसतच नाही हो. सगळ्याजणी काठ्या घेऊन कुणाची तरी हरवलेली अंगठी शोधतायत असं वाटतं."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. बायकोचा भाऊ आहे.

यंदा क्रीडाप्रमुख बाईंनी सूचनाफलकावर कागदच लावला. हंगामात एकदा तरी हॉकीचा सामना चालू असताना तीन हजार माणसं फाटकातून आत आली पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी बर्फ बंद, संघ बंद. पोरीची कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी. तिने महिनाभर सगळ्या वर्गांतून फिरून आमंत्रणं दिली. लोक "हो हो, नक्की" म्हणायचे आणि यायचे मात्र बास्केटबॉललाच. शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. "बाबा, आज साडेतीनशे आले तरी मी खूश," म्हणाली. मला इतका राग आला की चहा तसाच टाकून मी कामावर गेलो. राग कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.

दुपारी दोनला हॉकी, संध्याकाळी सहाला बास्केटबॉल, असा तो दिवस. सव्वाचारला हॉकी संपायची होती. संपली नाही. बरोबरी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करेल तो जिंकला! मी फळ्यांच्या गाडीवर बसलो होतो, मैदानात उतरणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी, इंजिन चालू ठेवून. समोर माझी पोर, अंगभर गाद्या बांधलेली, गुडघ्यात वाकून उभी. माझा जीव टांगणीला.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. मेव्हण्याला फाटकावरून बर्फ दिसत नाही. म्हणून पहिली फळी टाकली की मी गाडीचा भोंगा दोनदा वाजवतो. दोन भोंगे म्हणजे हॉकी संपली, बास्केटबॉलवाल्यांना सोड.

समोरच्या संघाची एक धिप्पाड पोरगी एकटीच सुटली आणि सरळ आमच्या गोलवर आली. डावीकडे हूल दिली, उजवीकडून मारली. माझी पोर आडवी पडली आणि चकती हातमोज्यात! मला राहवेना. मी आनंदाने गाडीच्या स्टिअरिंगवर दोन बुक्क्या हाणल्या.

दोन भोंगे वाजले.

"मेलो," मी म्हणालो. उतरून फाटकाकडे धावलो, पण तोवर माणसांचा लोंढा आत. लाल टोप्या, लाल गळपट्टे, हातात पोस्टर. मेव्हण्याने शिस्तीत चारही दारं उघडली होती. काम चोख त्याचं! लोक आत येऊन बघतात तर फळ्या नाहीतच.

"अहो, मैदान कुठंय?"

"गाडीवर आहे," मी ओरडलो. "बसा गप!"

पुढच्या जागा पकडायच्या म्हणून ते बसले. पहिली दोन मिनिटं नुसती कुरकुर. "चकती कुठाय? कुणाला दिसली का?" मग एक खेळाडू त्यांच्या समोर, मैदानाभोवतीच्या काचेवर अशी आदळली की अख्खी रांग उडाली. त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही. पोरीने पायाने एक अडवली, लोक "ओऽऽ" म्हणाले. छातीवर एक घेतली, लोक उभे राहिले. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पाच हजार माणसं तिला "गोलकी, गोलकी" म्हणून हाका मारत होती. माझ्या शेजारी मेव्हणा येऊन उभा. फाटक सोडून!

"भाऊजी, दिसली! मला चकती दिसली!" तो माझा दंड दाबत ओरडला.

आणि तेवढ्यात आमच्या एका पोरीने दुसऱ्या टोकाला गोल केला. जिंकलो! तो आवाज मी बास्केटबॉललाही कधी ऐकला नव्हता. मी मेव्हण्याच्या गळ्यात पडलो.

खांद्यावर हात पडला. क्रीडाप्रमुख बाई.

"भोंगा कुणी वाजवला?"

"मी. चुकून."

"चुकून?"

"पोरीने अडवली ना, बाई. हात राहिला नाही ताब्यात."

बाईंचा आवाज ओरडून ओरडून बसलेला होता. त्यांनी फाटकाचा आकडा बघितला. चार हजार नऊशे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

"हे सगळे बास्केटबॉलला आले होते," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"पण मी कागदावर लिहिलं होतं, सामना चालू असताना आत आलेली माणसं. कशाला आली ते मी विचारलेलं नाही. आणि संपल्यावर एकही जण पाणी प्यायलासुद्धा उठलेला नाही, ते बघा. बर्फ राहील. आता फळ्या टाका लवकर, उशीर झालाय."

उशीर इतका की बारा जणांचं कामच नव्हतं ते. हॉकीच्या पोरी बूट बदलून मदतीला आल्या. टाळ्यांच्या गजरात फळ्या वाहू लागल्या. एका फळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं माझ्या पोरीच्या. घामाने केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद. भोंग्याचं, बर्फाचं तिला काहीच माहीत नव्हतं, बाई माझ्याशी बोलताना तेवढ्या दिसल्या होत्या.

"बाबा, बाई काय म्हणाल्या? रागावल्या का?"

"नाही. बर्फ राहतोय."

तिने टोक सोडलं आणि दोन्ही हात वर करून किंचाळली. फळी माझ्या पायावर पडली. बूट जाड म्हणून अंगठा शाबूत राहिला. पाच हजार माणसांसमोर मी एका पायावर नाचत होतो आणि ती दोन पायांवर.