काट्यावर टांगलेला एप्रन

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखाली, झाडू-बादलीशेजारी उभा आहे ना, तो गंजलेला लोखंडी सिलिंडर मीच. अंगाने भारी, स्वभावाने थंड. नाकं मुरडू नका, माझं सगळं कामच थंडीचं होतं.

कारखान्यात मला घडवलं, पोटात दाबून गॅस भरला आणि बायकांच्या तपासणीच्या खोलीत आणून उभं केलं. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगर लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसायची. मग डॉक्टरबाई माझ्या नळीच्या टोकाने ती जागा गोठवायच्या. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा तीन मिनिटं. पुढे तिथे कॅन्सर होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. तपासणी आणि उपचार एकाच फेरीत! "काय गुणाचा आहे हा!" म्हणत सिस्टर माझ्या पाठीवर थाप मारायच्या आणि मी फुगून जायचो.

पण खोलीला कुलूप लागलं की मी एकटा. बायका बरोबरच्या माणसाचा हात धरून निघून जायच्या. सिलिंडरला कोण "येते हं" म्हणणार? म्हणून सिस्टर आपला एप्रन माझ्या मानेवर टांगायला लागल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं. कोणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं. गॅस किती उरला ते दाखवणारा माझा काटा त्या एप्रनाखाली झाकला जायचा, हे मला कळत होतं. मला बोलता येत नाही हे खरं, पण आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. सांगायला लाज वाटते.

एके दिवशी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला असलेली एक बाई नणंदेला सोबतीला घेऊन तपासणीला आली. तपासणीत पांढरा डाग दिसला. ती घाबरली, पण म्हणाली, "बाई, करायचं ते आत्ताच करा. पुन्हा सुट्टी द्यायचे नाहीत ते."

"आत्ताच करू. काळजी करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी एप्रन काढून चावी फिरवली. फुस्स झालं आणि संपलं. काटा तांबड्यावर पडलेला. भरलेला दुसरा सिलिंडरही नव्हता.

"अगं बाई!" सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "ताई, पुढच्या मंगळवारी याल?"

"बघते," टेबलावरून उतरत ती म्हणाली.

मंगळवार आला, ती आली नाही. सिस्टर फोन करत राहिल्या. "वहिनी कामावर गेलीय," नणंद सांगायची. पुढे नंबरच लागेना.

तीन वर्षांनी ती आली. आत शिरताच तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आज आहे ना गॅस?"

"आहे हो ताई, गच्च भरलाय."

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. डाग आतवर सरकला होता, तिथे माझी थंडी पोचत नाही. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन ती गेली. मी भरलेला उभाच्या उभा राहिलो. तिचं पुढे काय झालं? रोज विचार येतो, पण मला कोण सांगणार!

आता खोलीत माझ्या जागी, ती जागा उष्णतेने जाळणारं, चार्जिंगवर चालणारं छोटं यंत्र आलंय. कोणा बाईला आत बोलावण्याआधी सिस्टर त्याचा चार्जिंगचा दिवा दोनदा बघतात, जिन्याखालून दिसतं मला. बघू देत.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. आई अशा तपासणीला निघाली, तर तिला "लवकर ये" म्हणू नका. म्हणा, "सगळं उरकूनच ये गं, घरचं आम्ही करतो."