डाव्या कोपऱ्यातली बाई

आमची दुर्गाबाई, म्हणजे माझी बायको, एक्कावन्न वर्षांची आहे, आणि कुणाचा घोटा एकदा तिच्या हातात सापडला की तो तिचा. माझाही. सकाळी मी पलंगावरून पाय खाली टाकायचा अवकाश, खाली झाडू मारत बसलेली ही बया खटकन दोन्ही हातांनी पकड घालते आणि मी तोंडावर आपटतो.

"आज जरा उशीरच झाला बाप्पा," असं स्वतःशीच पुटपुटते. उशीर तिच्या हाताला, नाक माझं.

ती मूळची अमरावतीची. बिबवेवाडीत आमची खानावळ आहे, तिथं ती तिकडून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना जेवू घालते. मी बुधवार पेठेत स्पीकर विकतो आणि आमच्या गल्लीच्या मंडळाच्या कार्यक्रमाला माईक लावतो. फुकट लावतो, त्यामुळे बोलायलाही मलाच मिळतं.

मंडळाच्या कबड्डी संघात दुर्गाबाई डाव्या कोपऱ्याला उभी राहते. बाकीच्या पोरी तिच्या लेकीच्या वयाच्या. तरी गेल्या वर्षी पकडीचं पहिलं बक्षीस हिलाच, मिक्सर मिळाला. त्याच फायनलला विश्रांतवाडीच्या सलोनीची टाच हिच्या तोंडावर बसली आणि पुढचे दोन दात मातीत राहिले. शोधले आम्ही. एकच सापडला.

ही सलोनी बावीस वर्षांची, चढाईवाली. रात्रभर कॉल सेंटरात अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या खाते आणि संध्याकाळी मैदानावर येऊन त्या परत करते. पायानं. तिची मागची लाथ म्हणजे घोडीची लाथ. आजवर तिला कुणी धरून ठेवलेली मी तरी पाहिली नाही.

यंदा फायनलला पुन्हा तेच दोन संघ. आम्ही मैदानावर पोचलो तर गेटवर हा एवढा फ्लेक्स. मधोमध दुर्गाबाईचा फोटो, तोही दात असतानाचा, आणि खाली लिहिलेलं: 'माजी खेळाडू दुर्गाबाई रंगनाथ शेडगे यांचा भव्य सत्कार.'

दुर्गाबाई गेटवरच थांबली. मग तरातरा मंडपात गेली. तिथं आमचे अध्यक्ष बाळ खळदकर खुर्चीवर बसलेले. बँकेतून निवृत्त झाले, मंडळातून नाही. वीस वर्षं तीच खुर्ची.

"अध्यक्ष, हे माजी कोन?"

"आपण," बाळासाहेब म्हणाले. "आजचा सामना संपला की. आम्ही जरा आधी छापलं, एवढंच."

"मले कोनी विचारलं?"

"दुर्गाबाई, गेल्या वर्षी दात गेले. यंदा कवटी गेली तर आम्ही कुठं शोधायची? आजचा खेळ खेळा आणि मग शाल घ्या, नारळ घ्या, खुर्चीवर बसा. शाल उत्तम आहे. मी स्वतः निवडली."

दुर्गाबाईचे कान लाल झाले. या मंडळात शाल घातलेली बाई परत मैदानात आलेली कुणी पाहिलेली नाही. तिच्या बरोबरीच्या सगळ्या जणींना एकेक करून शाल घातली गेली. आता त्या फक्त बक्षीस समारंभाला येतात, गुडघे चोळत पहिल्या रांगेत बसतात आणि वडा आला का विचारतात.

"आज त्या सलोनीले धरलं तर?" दुर्गाबाई म्हणाली.

"ती कुणाला सापडते?"

"धरलं तर?"

बाळासाहेब हसले. "तर शाल परत पिशवीत. डावा कोपरा आपला, हवा तितकी वर्षं."

"अन् नाही धरलं, तर घाला शाल. मंग मी या मातीत पाय नाही ठेवत."

मी माईक चालू केला. "रसिकहो, आताच हाती आलेली बातमी! आज दुर्गाबाईंनी सलोनीताईंना एकदा जरी पकडलं, तर त्या पुढंही खेळणार. नाही पकडलं तर आज कायमची सुट्टी. हा शब्द आहे आपल्या अध्यक्षांचा!"

"रंगनाथ, तुझा भोंगा बंद कर," बाळासाहेब दातओठ खात म्हणाले.

"लोकांना कळायला नको का, बाळासाहेब?"

सामना सुरू झाला. पहिल्याच चढाईत सलोनीनं आमच्या पूर्णिमाच्या नाकावर कोपर हाणलं. फटकन आवाज आला, स्पीकरमधून आल्यासारखा. पूर्णिमा नाक धरून खाली बसली, बोटांतून रक्ताची धार. नाकात कापूस कोंबून परत उभी राहिली. पुढच्या चढाईत सलोनीनं दुसरीच्या पोटात गुडघा घातला, ती पोरगी मैदानाबाहेर जाऊन ओकली. आमच्या पोरीही काही कमी नव्हत्या. त्यांची एक चढाईवाली आली, तिला दुर्गाबाईनं घोट्याला धरून अशी आपटली की तिची हनुवटी फाटली आणि टाके घालायला तिला रिक्षात बसवून पाठवावं लागलं.

पण सलोनी काही डाव्या कोपऱ्याकडे फिरकेना. यायची, उजवीकडे नाचायची, कुणाचं तरी काहीतरी फोडायची आणि परत जायची. पहिला डाव असाच गेला. दुसराही अर्धा संपत आला. पोरगी अंगावर येतच नाही तर धरणार कुणाला? मंडपात बाळासाहेबांनी पिशवीतून शाल काढून मांडीवर ठेवली. घडी नीट करत बसले.

मग मला राहवेना. मी माईक तोंडाजवळ घेतला. "सलोनीताई उजवीकडे. सलोनीताई पुन्हा उजवीकडे. डाव्या कोपऱ्यात एक आजीबाई उभ्या आहेत, दोन दात कमी. त्यांना घाबरू नये, त्या चावत नाहीत."

मैदान खदखदलं. पंच माझ्या अंगावर धावून आले. "शेडगे, अजून एक शब्द, आणि वायर उपटीन."

पण काम झालं होतं. सलोनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माईक टेबलावर ठेवून दिला. पुढच्या चढाईला ती सरळ डावीकडे आली. दुर्गाबाई झेपावली. हात घोट्याला लागले न लागले तोच सलोनीची दुसरी टाच हिच्या गालफडावर बसली. दुर्गाबाई मागं कोलमडली आणि सलोनी रेषेपार. दुर्गाबाई बाद.

ती बाहेर येऊन माझ्या टेबलाजवळ बसली. डोळा सुजून मिटत चाललेला, आणि उजव्या हाताचं मधलं बोट भलतीकडेच वळलेलं.

"अगं, दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"तुमी गप बसा." तिनं बोट डाव्या मुठीत धरलं आणि ओढलं. कट्ट झालं. मी डोळे मिटले, तिनं नाही. "चांगली येत व्हती. तुमी काहून डिवचलं तिले?"

"येत कुठं होती?"

"शेवटी आली असती. एवढ्या बायांत तिले फोडाले उरलं कोन व्हतं?"

पूर्णिमानं एक गुण आणला आणि दुर्गाबाई परत आत आली. शेवटचं मिनिट. आमच्या आत दोघीच उरलेल्या, कापूस कोंबलेली पूर्णिमा आणि एका डोळ्यानं बघणारी दुर्गाबाई. आम्ही एका गुणानं मागं. समोरून सलोनी आली, कबड्डी कबड्डी करत. तिला फक्त वेळ काढून परत जायचं होतं. पण तिनं डावीकडचा सुजलेला डोळा पाहिला आणि तिला मोह झाला.

लाथ आली. या वेळी दुर्गाबाई मागं हटलीच नाही. लाथ उजव्या खांद्यावर घेतली, अगदी सांध्यावर, आणि त्याच पायाच्या घोट्याला दोन्ही हात घातले. खांद्यातून कचकन आवाज आला. सलोनी रेषेकडे पळाली, पळाली म्हणजे एका पायावर उड्या मारत निघाली आणि मागून ही फरफटत. दुर्गाबाईची हनुवटी, ओठ, गाल, सगळं मातीवर घासत चाललेलं. सलोनी तोल जाऊन पडली आणि पडल्या पडल्या मोकळ्या पायानं तिच्या डोक्यात मारायला लागली. एक. दोन. बायका मंडपात किंचाळायला लागल्या. बाळासाहेब उभे राहिले. मी त्यांना उभं राहिलेलं किती वर्षांनी पाहिलं देव जाणे.

सलोनी पालथी झाली आणि तिनं हात लांब केला. रेषा एक वीत लांब. नखं मातीत रोवून ती स्वतःला ओढत होती. तेवढ्यात पूर्णिमा धावत येऊन तिच्या पाठीवर कोसळली, नाकातला रक्तानं भिजलेला कापूस उडून सलोनीच्या तोंडासमोर पडला. सलोनीचा दम तुटला. शिट्टी झाली.

सामना बरोबरीत सुटला. करंडक दोघांनाही अर्धा अर्धा वाटून मिळणार होता, पण करंडकाकडे बघतंय कोण.

दुर्गाबाई घोटा सोडेना.

"मावशी, शिट्टी झाली," सलोनी कण्हत म्हणाली. "सोडा ना. मोडेल."

"खरंच झाली का?"

"आईशप्पथ झाली."

मग सोडला. सलोनीचा घोटा नारळाएवढा सुजला होता. ती लंगडत दुर्गाबाईजवळ आली, तिला काखेत हात घालून उठवायला गेली आणि निखळलेला खांदा हातात येताच दोघीही एकदम ओरडल्या.

बाळासाहेब शाल पिशवीत कोंबत होते. मी माईक हातात घेतला. पंच बघत होते, पण सामना संपला होता. आता वायर माझी.

"रसिकहो, शाल वाया जाऊ नये! वीस वर्षं अखंड एकाच खुर्चीवर बसून मंडळाची सेवा केल्याबद्दल, मावळते अध्यक्ष श्रीयुत बाळ खळदकर यांचा निरोप-सत्कार होत आहे. शाल घालतील, आजी खेळाडू दुर्गाबाई!"

टाळ्यांनी मंडप हलला. बाळासाहेब नाही नाही म्हणत खुर्चीत बसले, आणि तिथंच चुकले. दुर्गाबाई डाव्या हातानं शाल ओढत आली. तोंडातून रक्त, अर्ध्या चेहऱ्याची साल निघालेली. तिनं शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. पाची बोटं लाल उमटली.

"बोला, अध्यक्ष," मी माईक पुढं केला.

बाळासाहेबांनी शालीवरचं रक्त पाहिलं. मग दुर्गाबाईच्या खांद्याकडे पाहिलं, जो जिथं असायला हवा त्याच्या बराच खाली आला होता.

"शाल चांगली आहे," ते म्हणाले. "निवड माझीच होती."

दवाखान्यात जाताना दुर्गाबाई स्कूटरवर माझ्या मागं बसली होती. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या बरगडीत चांगल्या हाताचा ठोसा घालत होती.

"अगं, खड्डे मी केले का?"

"आजीबाई कोन म्हनलं मले? माईकवरून?"

मैदान ते दवाखाना, रस्ता कुठंच धड नाही.