निम्म्या बायका

सरकारचा नियम आला: रंगमंचावर निम्म्या बायका असतील, त्याच नाटक मंडळीला वर्षभर सरकारी नाट्यगृह मिळेल. मालकाकडे नट दहा, त्यात बायका चार. तिसऱ्या अंकातली आईसुद्धा एक म्हातारा नट करायचा. त्याला घरी बसवला, पण बाई आणायची कुठून? दोन दिवस डोकं खाजवल्यावर मालकाला वहिनी आठवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

वहिनी म्हणजे त्याच्या मेलेल्या भावाची बायको. बावीस वर्षं पडद्याआड उभी राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगत आली. लग्न झालं तेव्हाच तिला नाटकात काम करायचं होतं. "घरच्या बायका लोकांपुढे नाचवायच्या नाहीत," असं तेव्हा हाच दीर म्हणाला होता. आता हाच म्हणाला, "वहिनी, आई तुम्ही करा. नाही म्हणू नका."

नाही कशाला म्हणतेय! काम एवढंसं, पण अख्खं नाटक तिच्या एका वाक्यावर उभं. दारुड्या मुलाला ती ओरडून सांगते, "नीघ माझ्या घरातून! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" वहिनीनं ते स्वयंपाकघरात असं ठणकावून म्हटलं की शेजारीण धावत आली. "कोणाला हाकलताय हो?" वहिनी हसून हसून खाली बसली. कित्येक वर्षांत इतकी हसली नव्हती बिचारी.

तपासणीच्या प्रयोगाला अधिकारी पहिल्या रांगेत बसले. मुलाचं काम मालकाच्या लेकाकडे, म्हणजे वहिनीच्या पुतण्याकडे. नुसता ठोंब्या! पाठांतराच्या नावानं शंख. अडलं की काकू आहेच, ही लहानपणापासूनची सवय. तिसऱ्या अंकात तो काकूसमोर आला आणि पहिल्याच वाक्याला अडला. तिनं हळूच सांगितलं. मग दुसरं सांगितलं, मग तिसरं. तो ते मोठ्यानं म्हणत राहिला आणि टाळ्या घेत राहिला.

मग तिची पाळी आली, आणि तिच्या तोंडून कुजबुजच निघाली. पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही. तिनं जीव तोडून पुन्हा म्हटलं. मेली पुन्हा कुजबुजच!

"बाई, मोठ्यानं!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

पुतण्याला मात्र स्वच्छ ऐकू गेलं होतं. काकू सांगेल ते आपलं वाक्य, एवढंच त्याला ठाऊक. तो दाराकडे बोट करून गरजला, "नीघ माझ्या घरातून! पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

हसणारे लोक सावरून बसले. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. करणार काय? गेली बाहेर. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

अधिकारी डोळे पुसत आत आले. "बाईचं दुःख काय दाखवलंत हो!" असं म्हणून त्यांनी बायका मोजल्या. पाच. सही केली.

"वहिनी, आता असंच ठेवायचं," मालक म्हणाला. "तुम्ही फक्त त्याला सांगत जा."

"भाऊजी, माझं वाक्य..."

"अहो, तुमचंच तर आहे!"

त्या वर्षी एकशे दहा प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगात वहिनीनं पुतण्याला ते वाक्य सांगितलं आणि घराबाहेर गेली. ठोंब्याला ते काही शेवटपर्यंत पाठ झालं नाही.