अंगठ्याची शिवण

दिरानं टेबलाखालून सरकवलेला कागद हातमोजेवालीनं टेबलावर घेतला आणि भर सुनावणीत, सगळ्यांदेखत उलगडला.

"वहिनी, नुसतं वाचायचंय," तो कुजबुजला. तो कारखानदार संघटनेचा अध्यक्ष होता, आणि तिचे निम्मे हातमोजे त्याच्याच कारखान्यात खपायचे.

कागदावर दोन राज्यांच्या खर्चाचा तक्ता होता. वीज, जागा, पाणी, मजुरी, सगळ्यांत शेजारचं राज्य स्वस्त. खाली मागणी होती, आजारपणाची पगारी रजा बंद करा, नाहीतर कारखाने तिकडे जातील. सरकारी समिती आजच शिफारस करणार होती. हातमोजेवालीकडे बावीस बायका शिवायला होत्या, त्यातली एक कालपासून तापानं फणफणलेली.

"तक्ता खरा आहे," ती समितीच्या प्रमुख बाईंना म्हणाली. दिराचा जीव भांड्यात पडला. "शेजारचे आकडे माझेच आहेत. दोन वर्षं कारखाना तिकडे होता माझा. पहिल्याच महिन्यात संघटनेचा खर्चाचा फॉर्म आला, भरून दिला."

"मग?"

"मग पुढचे महिने आले की! हातमोज्याचा अंगठा नीट शिवायला शिकायचं तर तीन महिने लागतात. तिकडे रजेचा पगार नाही. बाई तापात यायची, वाकडं शिवायची. चार दिवस घरी पडली की तिच्या जागी नवी. माल परत यायचा, पुन्हा परत यायचा. ते कोणी विचारलं फॉर्ममध्ये? म्हणे स्वस्त! गाशा गुंडाळून आले मी."

"वहिनी, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय," दीर आता मोठ्यानंच म्हणाला. "पुढच्या ऑर्डरचं मला बघावं लागेल."

तिनं कागदाची घडी घातली. निम्मा धंदा म्हणजे काय चेष्टा आहे?

"बघा की भावजी, खुशाल बघा. अर्धवट आकडे वाचून मी बावीस जणींच्या पोटावर पाय देणार नाही."

"हे हिचं एकटीचं रडगाणं आहे, मॅडम," मागून एक कारखानदार ओरडला. "रजा राहिली तर आम्ही सगळे उद्याच तिकडे जाऊ!"

प्रमुख बाईंनी चष्मा काढला.

"तिकडे जाऊन प्रत्यक्ष कारखाना चालवलेले किती जण आहेत इथं? हात वर करा जरा."

खोलीत सतरा कारखानदार होते. कोणी पाणी प्यायलं, कोणी फोन काढला. दीर छताकडे बघत राहिला. एकच हात वर गेला आणि बाईंचं लिहून होईपर्यंत वरच राहिला.