एकतिसावा नियम

आमच्या कंपनीचं टूल दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतं आणि त्यातल्या चुका काढतं. अठ्ठावीस भाषा त्याला येत होत्या. एकोणतिसावी मी शिकवली, आणि ती शिकवता शिकवता माझ्या सासऱ्यांचं वाटोळं केलं. चुकून नाही. चुकून झालं असं मी नवऱ्याला सांगितलंय, साहेबांनाही सांगितलंय. पण इथे खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

सासरे लिफ्टच्या कारखान्यात. लिफ्ट चालवणाऱ्या पेटीतला प्रोग्राम ते लिहायचे, आणि तोही अशा भाषेत जी कारखान्याने स्वतःपुरती बनवली होती आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. तिला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. म्हातारी येणारी तीन माणसं होती. एक वारला, एक मुलाकडे परदेशी गेला, उरले बाबा. "बत्तीस वर्षांत माझ्या कोडमध्ये एक चूक निघालेली नाही," हे वाक्य आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळायचं. अहो, निघणार कशी? कोणतंही टूल म्हातारीची फाइल उघडायचं आणि अहवालात लिहायचं: भाषा ओळखता आली नाही, फाइल वगळली. वगळलेल्या फाइलीपुढे चुकांच्या रकान्यात शून्य. ते शून्य छापून बाबांनी चक्क फाइलला लावून ठेवलं होतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि एवढं एक शून्य घेऊन ताठ मानेने बाहेर पडायचं, बाकी त्यांना काही नको होतं.

घरात मात्र त्यांच्या नजरेतून काही वगळलं जायचं नाही. मी घासलेली भांडी ते पुन्हा घासायचे, मी तिथेच उभी असताना. फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचे, तारीख-वेळेसकट. 'बाथरूमचा दिवा, चाळीस मिनिटे.' 'ओटा पुसला, मागची बाजू राहिली.' सासूबाई होत्या तोवर निम्म्या चिठ्ठ्या त्यांच्या नावाच्या असायच्या. त्या गेल्यावर सगळ्या माझ्या वाट्याला आल्या. माझी आई हॉस्पिटलमध्ये तीन दिवस होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. सगळं आवरून मी दुपारी घरी आले, तर फ्रिजवर: 'दूध नासले. जबाबदार कोण?'

नवरा म्हणाला, "अगं, त्यांचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नकोस."

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. माझ्या स्वभावालाही नाही. मी मनावर घेतलं आणि ठेवून दिलं.

मग विमा कंपनीने कारखान्याला अट घातली, की सगळा कोड टूलमधून तपासून घ्या, नाहीतर विमा विसरा. कारखाना आमच्याकडे आला. साहेबांनी मला बोलावलं. "तुझे सासरे तिथेच ना? मग काय, घरचंच काम. तू म्हातारी शिकून घे आणि टूलला शिकव."

बाबांना वाटलं, आता त्यांचं शून्य खरं शून्य ठरणार. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आमचा वर्ग भरायला लागला. टूलला भाषा शिकवायची म्हणजे आधी तिचं व्याकरण समजावून द्यायचं. मग नियम घालायचे, की असं लिहिलेलं दिसलं की ओरड. आणि प्रत्येक नियमासोबत दोन उदाहरणं द्यावीच लागतात. एक चुकीचं, जे टूलने पकडलं पाहिजे, आणि एक बरोबर, ज्याला त्याने हात लावता कामा नये. उदाहरणाशिवाय नियम घेतच नाहीत. शिवाय नियम कशामुळे सुचला ते 'कारण' म्हणून खाली लिहायचं.

आणि काय सांगू, शिकवायला बसले की बाबांचा वेगळाच माणूस व्हायचा. माझ्यासाठी खुर्ची ओढायचे. चहा स्वतः करायचे, आणि बरा करायचे. मी अडले तर तीच गोष्ट तीन-तीनदा सांगायचे, आवाज न चढवता. एकदा मी त्यांच्या आधी उत्तर दिलं, तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "हुशार आहेस गं तू! एवढी वर्षं बोलली नाहीस कधी." एवढी वर्षं बोलू कोणी दिलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला ते आवडायला लागलं होतं. शनिवारी रात्री मी वही-पेन काढून ठेवायची. चिठ्ठ्याही कमी झाल्या होत्या.

तीस नियम झाले. त्यांची चुकीची उदाहरणं बाबा मनाने रचायचे, छोटी आणि स्वच्छ. एकतिसाव्याला ते थांबले. हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय झालं, बाबा?"

"हा नियम सोपा आहे," ते म्हणाले. "एखादी गोष्ट तपासली, आणि मग मध्ये वेळ गेला, तर पुन्हा तपास. दार बंद आहे का ते बघितलं, मग दोन सेकंद थांबलो, मग लिफ्ट सोडली. त्या दोन सेकंदांत दार उघडलं तर? कोणी हात घातला तर?"

"असं कोण लिहील?"

"मी लिहिलं होतं."

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याच कारखान्यातला एक मेकॅनिक एका इमारतीत दाराची पट्टी बसवत होता. लिफ्ट हलली आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीत ठरलं, की त्याने मुख्य बटण बंद केलंच नव्हतं, निष्काळजीपणा केला. तो ओरडून सांगत होता, की बंद केलं होतं, मग तपासणीसाठी अर्ध्या मिनिटापुरतं चालू केलं. कोणी ऐकलं नाही. त्याला काढून टाकलं. अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी बाबांना ते दोन सेकंद सापडले होते. त्यांनी एक ओळ वाढवली, नोंदीत लिहिलं 'किरकोळ सुधारणा', आणि नवा प्रोग्राम सगळ्या लिफ्टमध्ये घालून घेतला. ते कुणाला बोलले नाहीत. सासूबाईंनाही नाही.

सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी उठून पाणी दिलं.

"हे उदाहरण घालू नकोस हं," ते म्हणाले. "नियम घाल. नियम असलाच पाहिजे. उदाहरण मात्र तुझ्या मनाने एखादं कर."

"हो बाबा," मी म्हटलं, आणि तेव्हा ते खरं होतं.

सोमवारी ऑफिसात एकतिसाव्या नियमाची फाइल उघडली. उदाहरण रचायला पाच मिनिटं लागली असती. मी बसून राहिले. डोळ्यांसमोर मेकॅनिक नव्हता. मेकॅनिकसाठी केलं असं म्हणायला तोंड आहे मला, आणि लोकांना पटेलही. पण माझ्या डोळ्यांसमोर 'जबाबदार कोण?' एवढंच होतं. बत्तीस वर्षांचं शून्य मिरवणारा हा माणूस, आणि दूध नासलं म्हणून माझ्याकडे जबाब मागतो! असा संताप आला, की कानशिलं तापली.

कारखान्याने जुन्या सगळ्या फाइली, अपघातांच्या अहवालांसकट, आम्हाला दिल्याच होत्या. 'किरकोळ सुधारणे'च्या आधीची मी शोधून काढली. त्यातल्या अकरा ओळी जशाच्या तशा उचलल्या, फाइलचं नाव आणि तारखेसकट. बरोबर उदाहरण म्हणून त्यानंतरची फाइल. खाली कारणात अपघाताची तारीख, आणि कारखान्याच्या अहवालातलं वाक्य: 'मेकॅनिकची चूक.' एवढं करून मी डबा खायला गेले. भूकही चांगली लागली होती.

कारखान्यात तपासणीची एक बाई आहे. आमचे नियम उदाहरण-कारणांसकट तिच्याकडे जातात, आणि ती आलेला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते. अपघाताची तारीख आणि सुधारणेची तारीख यांत तीन दिवसांचं अंतर आहे हे तिला एका सकाळीत कळलं. बाबांना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत कबूल केलं. संध्याकाळी ते घरी आले ते पत्र घेऊनच. नोकरी गेली होती, आणि निरोपसमारंभाचा हॉल रद्द झाला होता.

नवरा एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. तोही बापावर! "एका माणसाचा हात गेला आणि तुम्ही गप्प बसलात? आम्हाला फ्रिजवर चिठ्ठ्या लिहीत होतात?" मग माझ्याकडे वळला. "आणि हे त्यांच्यापर्यंत गेलं कसं?"

मी तोंड उघडलं, "अरे, चुकून माझ्याकडून..."

"तिची काही चूक नाही," बाबा म्हणाले. "मीच सांगितलं होतं, घाल म्हणून."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्यासोबत बसून तेही टूल शिकले होते. उदाहरण कुठलंही चालतं हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. नवरा त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलेनासा झाला. आणि माझी साहेबांनी पाठ थोपटली. टूलने पहिल्याच आठवड्यात एकोणीस वर्षांपूर्वीची चूक शोधली, असं कंपनी सगळीकडे सांगत सुटली.

मेकॅनिकचं काय, असं मी एकदा साहेबांना विचारलं. "ते प्रकरण केव्हाच बंद झालंय," ते म्हणाले. "कारखान्याचा वकील म्हणतो, आपण होऊन नाव घेऊ नका. विमा कंपनीला नियम-कारणांसकट अंतिम अहवाल जाईल. त्यात ज्याचं नाव असेल, त्याला त्यांचं पत्र जातं. आपण कशाला विस्तवाशी खेळा?"

हे मी घरी सांगायला नको होतं. पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरून काम करत होते. बाबा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटल्यावरच बसले.

"अहवाल कधी जाणार?"

"शुक्रवारी."

"एकतिसाव्याच्या कारणात 'मेकॅनिकची चूक' असं आहे. ते काढ. चूक त्याची नव्हती असं लिही आणि त्याचं नाव घाल. त्याला पत्र जाऊ दे."

"तुम्हीच जाऊन सांगा ना त्याला."

"दोनदा गेलो होतो. बाजाराजवळ गाड्या लावायची जागा आहे, तिथे बसतो. डाव्या हाताने पावत्या फाडतो. रस्त्याच्या पलीकडूनच परत आलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि माझ्या शब्दाला आता काय किंमत? कागदावर यायला हवं. लोकांना दाखवता येईल त्याला."

मी फाइल उघडली. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पत्ता सांगितला, गल्ली, जिना, मजला. एकोणीस वर्षं पाठ करून ठेवला असावा. मी टाइप करत होते, खरंच करत होते. 'चूक मेकॅनिकची नव्हती' हेही लिहून झालं होतं.

"नीट बघून घे," बाबा म्हणाले. "तुझं नेहमी काहीतरी राहून जातं."

ते सवयीने बोलले होते, त्यात विष नव्हतं. मला ते कळत होतं. तरी माझी बोटं थांबली, आणि मग मी एकेक अक्षर मागे खोडत गेले. 'चूक मेकॅनिकची नव्हती' गेलं, पत्ता गेला, वडिलांचं नाव गेलं, त्याचं नाव गेलं. जुनं वाक्य तेवढं राहिलं. लिहिताना काय, खोडताना काय, बटणांचा आवाज सारखाच येतो. बाबा समोर बसून तो ऐकत होते.

"झालं?"

"झालं."

त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले. मग आत जाऊन झोपले, कित्येक दिवसांनी पहिल्यांदा दुपारचे शांत झोपले. मला वाईट वाटलं का? वाटलं. फाइल अजून उघडीच होती. शुक्रवारला दोन दिवस होते, आणि हे दोन्ही दिवस मला आठवण होती. शुक्रवारी अहवाल तसाच गेला.

याला आता पाच आठवडे झाले. बाबा सकाळी मी डबा भरत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

"पोचलं असेल का गं त्याला पत्र?"

"पोस्टाचं काही सांगता येत नाही, बाबा," मी म्हणते.