खुर्चीमागची भिंत

माझ्या पत्नीने मला ‘अहो’ म्हणणे सोडले, त्या दिवसापासून मी घरातले दिवे बदलत होतो. विस्मरणाच्या आजारात अंधुक उजेडात ओळखीचे चेहरेही परके वाटतात, तेव्हा उजेड वाढवून पाहा, असे डॉक्टरांनी जाता जाता सुचवले होते; मी मात्र त्या एका वाक्यावर सगळी भिस्त ठेवली. मोठे बल्ब झाले, उभा दिवा झाला. ती मला ‘पाहुणे’ म्हणत राहिली आणि अतिशय सौजन्याने विचारत राहिली, “निघणार कधी तुम्ही? आमचे हे येतीलच इतक्यात.”

शेवटी दिवाणखान्याच्या छताला ट्रॅकलाइट बसवायचे ठरवले. लांब काळी पट्टी, तिच्यावर पुढेमागे सरकणारे, हवे तसे वळणारे दिवे. आणि ते सगळे तिच्या सोफ्यासमोरच्या माझ्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर, रोखलेले.

पट्टी छताला पक्की झाल्यावर वायरमनने मला खुर्चीत बसवले. “माणूस बसवल्याशिवाय फोकस लागत नाही, साहेब. फोटोला बसता तसे बसा. हसला नाहीत तरी चालेल.”

“हसायचे विसरलोय मी.”

“मग झकासच. सावली हलणार नाही.”

दिवे नीट लागले तेव्हा त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि मागच्या भिंतीवर पडलेल्या माझ्या सावलीभोवती रेघ ओढली. उद्या एखादा दिवा सरकला, तर सावली पुन्हा या रेघेत आणून बसवायची, अशी त्याची पद्धत होती. लोककथा गोळा करण्यात माझा जन्म गेला. भिंत टिकावी म्हणून जिवंत माणसाची सावली दोरीने मोजून ती दोरी भिंतीच्या पायात चिणण्याची चाल काही मुलखांत होती, हे मी सवयीने त्याला सांगून टाकले.

“आणि त्या माणसाचं काय व्हायचं?”

“तो फार दिवस राहत नसे, असे सांगतात.”

“घाबरवू नका राव,” तो हसला. “माझी रेघ ओल्या फडक्याने जाते.”

तो गेला. पत्नीने समोर निरखून पाहिले आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “अहो, आलात?” मला हुंदका आवरेना. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती, हे तेव्हा जाणवूनही मी मनावर घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे औषध घेऊन स्वयंपाकघरातून आलो, तर ती रिकाम्या खुर्चीकडे पाहून मजेत बोलत होती. खुर्चीमागे, पेन्सिलीच्या रेघेत, माझी सावली बसलेली होती. मी स्टुलावर चढून दिवे सरकवले. खुर्चीची सावली हलली. ती दुसरी जागची हलली नाही. ओले फडके घेऊन भिंत घासली. रेघ तेवढी गेली. शेवटी दिवे बंद केले, तेव्हा पत्नी हरवलेल्या मुलीसारखी रडू लागली. “कुठे पाठवलंत त्यांना? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

मीच पुन्हा बटण दाबले.

मग तिच्यासमोर गुडघे टेकले. “अगं, मी आहे. एकदा नीट बघ ना माझ्याकडे.” तिने अवघडून हात मागे घेतला. आता एकच उपाय उरला होता. मी उठून खुर्चीत बसलो, पाठ ताठ केली, मान कालच्यासारखी वळवली आणि अंग चोरून त्या सावलीत नेमका मावायचा प्रयत्न करू लागलो.

तिला माझी दया आली असावी. माझ्या मागे पाहत ती हळूच म्हणाली, “अहो, पाहुणे दमलेत. बसू द्या त्यांना तिथे.”

भिंतीवरची सावली अदबीने उठली. पत्नीने सोफ्यावर जरा सरकून शेजारी जागा केली.