आईने मोजलेल्या हिरड्या

हिरड्या मोजतात यावर आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा विश्वास बसत नसे. मग आई हातातला चमचा उलटा धरून दाखवायची. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच उतरवायची आणि ती किती आत गेली ते वाचायचं. एका दाताभोवती अशा सहा जागा. तीनपर्यंत ठीक, पाचच्या पुढे आजार. माझी आई, मालिनी, नागपूरला दातांची डॉक्टर झाली होती. लग्नानंतर अमेरिकेत, ओहायोत आल्यावर पुन्हा सगळ्या परीक्षा देण्याऐवजी ती तिथल्याच डब्लिन नावाच्या गावातल्या एका दवाखान्यात हायजिनिस्ट म्हणून, म्हणजे दात साफ करायला आणि हिरड्या तपासायला, लागली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. फेब्रुवारीत ती गेली.

मी जवळच्याच कोलंबस शहरात एका विद्यापीठात काम करते. दवाखान्यांच्या संगणकांतल्या हिरड्यांच्या नोंदी कितपत विश्वासाच्या आहेत, ते आमचा गट तपासतो. ज्या विश्वासाच्या नाहीत त्या अभ्यासातून वगळायच्या. माणसांची नावं काढून टाकलेली असतात, पण दवाखाना कोणता ते आम्हाला कळतं. आईच्या दवाखान्यात हायजिनिस्ट एकच होती.

शंतनू आमच्या गटात पुण्याहून पीएचडीसाठी आलेला. एप्रिलमध्ये एकदा त्याने मला त्याच्या स्क्रीनकडे बोलावलं.

"यामिनीताई, हा डब्लिनचा डेटा फारच नॉइझी आहे यार. तोच पेशंट, तोच दात. एकदा चार, मग पाच, परत चार. बाकीचे दवाखाने बघा, कसे शहाण्या मुलांसारखे तीन, तीन, तीन. उडवूया का याला?"

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

त्याचा माऊसवरचा हात थांबला. "सॉरी, ताई."

"सॉरी नको. मी प्रोफेसरांना सांगून यातून बाजूला होते. तू तपास. आणि सवलत देऊ नकोस."

सवलत नको म्हणणं सोपं होतं. मला भीती होती ती शेवटच्या वर्षाची. आजारपणातल्या औषधांमुळे आईचा उजवा हात कापायला लागला होता. शर्टाची बटणं बाबा लावून द्यायचे, आणि ती दवाखान्यात जायची. त्या वर्षी तिने अंदाजाने आकडे भरले असतील का? भरले असते तरी मी तिला दोष दिला नसता. पण मग तिच्याबद्दल मला जे ठाऊक होतं त्यातलं काहीतरी बदललं असतं.

बाबांपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे तिचे आकडे खोटे?" कुकरची शिटी काढत त्यांनी विचारलं.

"खोटे नाही, बाबा. अस्थिर."

"माझ्या हिरड्यांना ती दर सहा महिन्यांनी नावं ठेवायची. त्यात कधी अस्थिरता नव्हती." ते वरण घोटत राहिले. मग म्हणाले, "काय ठरेल ते लगेच कळव. मला ताटकळत ठेवू नकोस."

दोन आठवड्यांनी शंतनू माझ्या दाराशी आला. "प्रोफेसर म्हणाले, आता दाखवायला हरकत नाही. चला."

त्याने हिरड्यांच्या आकड्यांशेजारी काढलेल्या दातांच्या नोंदी लावल्या होत्या. शहाण्या मुलांसारख्या दवाखान्यांत दात काढून टाकल्यावरही त्याच्याभोवतीची हिरडी भेटीमागून भेट तीन मिलिमीटरच होती.

"भुतांच्या हिरड्या," शंतनू म्हणाला. "आणि एकदम ठणठणीत. मागच्या भेटीचे आकडे तसेच पुढे आणायचं बटण असतं ना, ते दाबलंय सगळ्यांनी."

आमच्याच तज्ज्ञांनी काही रुग्णांच्या हिरड्या दोनदा मोजल्या होत्या. त्यांचे आकडेही एका मिलिमीटरने इकडेतिकडे होते. हिरडी सुजते, बसते, सळई जराशी कलते. पुन्हा मोजलं की आकडा थोडा हलतोच. आईच्या नोंदींत एकही भूत नव्हतं.

मग त्याने तिचे आकडे चित्रात मांडले. एका माणसाच्या सगळ्या भेटी एकापुढे एक. हिरडीची रेषा दाताच्या मुळाकडे सरकत होती, वर्षानुवर्षं, थरथरत. मग एका भेटीपासून ती थांबली. त्या माणसाने सिगरेट सोडली असेल, किंवा आईच्या बोलण्याला कंटाळून दात नीट घासायला लागला असेल. शंतनूने दुसरं तोंड लावलं, तिसरं लावलं, मग सगळी एकदम. पडदा भरून गेला. एक अख्खं गाव तिथे म्हातारं होत होतं, कुठे घसरत, कुठे सावरत, आणि तेही अशा जागी, जिथे त्या माणसांची स्वतःची नजर कधी पोचली नसेल. तिथे कुणीतरी पुन्हापुन्हा वाकून पाहिलं होतं. मी खुर्चीत बसले. आयुष्यभर जिच्याबरोबर जेवले, ती दिवसभर काय करत होती, हे मी प्रथमच पाहत होते.

"आता शेवटचं वर्ष," तो हळूच म्हणाला.

आकडे पूर्वीसारखेच होते, एखाद्या मिलिमीटरने हलणारे. पण वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला, जिथे मनगट पूर्ण वळवावं लागतं, तिथे काहीच नव्हतं. आधी थोड्या चौकटी कोऱ्या, मग जास्त.

"इथे आधीचे आकडे भरू का? आपला प्रोग्रॅम तसंच करतो. नाहीतर चार्ट अपुरा दिसतो."

"तिथे तिचा हात पोचला नाही," मी म्हटलं. "म्हणून तिने लिहिलं नाही."

"मग काय करू?"

"मी बाजूला आहे, शंतनू."

तो पडद्याकडे वळला. त्याने आधीचे आकडे भरायची सोय बंद केली. "असू दे अपुरा," तो म्हणाला.

गाडीपाशी पोचल्यावर मी बाबांना फोन लावला.

"ठेवले," मी सांगितलं.

"सगळे?"

"तिने मोजलेले सगळे."

 ते म्हणाले की ते माझ्यासाठी जेवायचे थांबलेत, सावकाश ड्राइव्ह कर.